मॅजिक ई आणि आम्ही काळे

बुधवारी शाळेतून आल्या आल्या सईने दप्तर दिवाणावर फेकलं, पायातला एकच बूट काढला आणि जाहीर केलं, "बाबा, आपण काळे नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मग कोण आहोत?"

"केल."

दुसरा बूट काढायच्या आत तिने पुरावाही दिला. त्या दिवशी तिसरी 'बी'ला मॅजिक ई शिकवला होता. हा ई शब्दाच्या शेवटी येऊन बसतो. स्वतः अवाक्षर बोलत नाही, पण मागच्या स्वराकडे असा काही बघतो की तो स्वर उभा राहून आपलं पूर्ण नाव सांगतो. सी-ए-पी कॅप, त्याला ई लागला की केप. के-आय-टी किट, ई लागला की काइट. जुन्या वाड्यात ओटीवर आजोबा बसलेले असत, तसाच हा कारभार. बोलत नसत, पण माजघरापर्यंत सगळे सरळ चालत.

"आता सांग, के-ए-एल-ई?" सई म्हणाली.

मी गप्प बसलो. मॅजिक ई बसला की बापही गप्प बसतो.

"केल म्हणजे काय गं?" आजीने आतून विचारलं.

"पालेभाजी," बायको म्हणाली. "परदेशी. मॉलमध्ये मिळते. जिमवाली माणसं खातात."

"चार पिढ्या पाटावर बसून जेवलो," आजी म्हणाली, "आता ताटात जायचं?"

बायकोला हसू आवरेना. पण तिचंही माहेर सुटलं नाही. ती मूळची लेले. एल-ई-एल-ई, शेवटी मॅजिक ई. सईने बोट धरून वाचलं, "लील." मग आम्ही जेवणं होईपर्यंत ओळखीच्या घरांवर वरवंटा फिरवला. माने झाले मेन. राणे झाले रेन. गोरे झाले गोर. नेने झाले नीन. पोटे झाले पोट, आणि तो उच्चार त्यांच्या तब्येतीला धरूनच होता. साने झाले सेन, ज्याचा इंग्रजीत अर्थ शहाणा. एवढं एक साने गुरुजींच्या बाबतीत बरोबर निघालं. इंग्रजीने अर्ध्या महाराष्ट्राचा एकार काढून घेतला आणि आम्ही तो आमटीभाताबरोबर मुकाट्याने गिळला.

सईला नावाची सवय होती म्हणून आडनावाचं तिला तितकं लागलं नाही. तिचा जन्म झाला तेव्हा नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर आमच्याकडे तीन बैठका झाल्या होत्या. एस-ए-आय लिहिलं तर दिल्लीत ती थेट शिर्डीला पोचणार. म्हणून एस-ए-ई-ई ठरलं. परिणाम असा की आजवर ती साई, सेई, सी आणि एकदा लसीकरणाच्या रांगेत 'मास्टर शाई' झाली आहे. सई मात्र झालेली नाही.

आम्ही राहतो मुनिरक्यात. नकाशात पाहिलं तर एका अंगाला जेएनयू, दुसऱ्या अंगाला आयआयटी, डोक्यावरून आउटर रिंग रोड. म्हणजे ज्ञानाच्या अगदी मधोमध. प्रत्यक्षात ज्ञानाच्या आणि आमच्या मध्ये एक गल्ली आहे, आणि तिच्यात समोरून स्कूटर आली तर एकाने मागे सरायचं असतं. हे मूळचं टोकस मंडळींचं गाव. शेतं गेली, डीडीएच्या इमारती आल्या, विद्यार्थी आले, २०१८ मध्ये मेट्रो आली आणि प्रत्येक घराला वर्षाला एक मजला फुटत गेला. आता या गल्लीत मणिपूर, केरळ, बिहार, हरियाणा आणि चौथ्या मजल्यावर आम्ही, असा देश उभा रचलेला आहे.

मुनिरक्याच्या भिंतींवर सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा इंग्रजी शब्द म्हणजे 'अकॉमोडेशन'. या शब्दात दोन सी आणि दोन एम राहतात. भिंतीवर मात्र मी दोन सी-एक एम पाहिले, एक सी-दोन एम पाहिले, एकेकटे पाहिले आणि रामा मार्केटच्या वाटेवर एके ठिकाणी तीन एम पाहिले. ते भाडं वाटून घेत असावेत. आमच्या घरमालकांच्या पाटीतही एक एम नाही. सगळे त्यांना चौधरीसाहेब म्हणतात. मी एकदा अदबीने त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"एक कम है तो क्या हुआ जी," ते म्हणाले, "कमरा तो पूरा है ना?"

त्यांच्या पाटीवर 'अव्हेलेबल'मधलीही दोन अक्षरं गळाली आहेत. पण वीस वर्षांत त्यांची एकही खोली महिनाभर रिकामी राहिलेली नाही, आणि मी प्रत्येक शब्द शुद्ध लिहून त्यांना भाडं देतो. स्पेलिंगने माणूस कुठे पोचतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मुलीसमोर असताना तिला स्पेलिंग शिकवणं सोपं नाही.

तरी मी बसलो. मराठी माध्यमातून पाचवीत इंग्रजी सुरू झालेल्या माणसाला इंग्रजी शिकवायची फार हौस असते. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत भेटायची. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आम्ही तर्खडकरांच्या पाठमालेतली वाक्यं घोकून मिशा फुटलेले होतो. त्यामुळे माझं पहिलं व्याख्यान ठरलेलं होतं. "हे बघ सई, इंग्रजी हे वेड्यांचं घर आहे. टी-ओ टू, डी-ओ डू, मग जी-ओ गो कसं? 'चुपके चुपके'त धर्मेंद्रने १९७५ सालीच हा प्रश्न विचारला, अजून उत्तर आलेलं नाही. आपल्या देवनागरीचं तसं नाही. जसं बोलतो तसं लिहितो, जसं लिहितो तसं वाचतो."

हे वाक्य प्रत्येक मराठी बापाने आयुष्यात एकदा तरी छाती पुढे काढून म्हटलेलं असतं. माझी छाती किती दिवस पुढे राहिली, ते पुढे येईलच.

आमची स्वतःची पद्धत सरळ होती. इंग्रज जे अक्षर गिळतो, ते आम्ही ठणठणीत म्हणायचो. वेनस्डे आम्ही पाठ केला तो 'वेड-नेस-डे' असा. वेड नेसून आलेला दिवस. नाइफ पाठ केली ती 'कनिफे'. वर्गात चाळीस पोरं एका सुरात "के-एन-आय-एफ-ई, कनिफे, कनिफे म्हणजे सुरी" म्हणत, तेव्हा इंग्लंडच्या राणीलाही कापरं भरलं असतं.

सईला मी हे सांगत असताना आजीने हात जोडले. तिचं माहेर पाथर्डीकडचं, मढीच्या कानिफनाथांच्या वाटेवरचं. "नाथांचं नाव घेतोयस तर चपला काढ," ती म्हणाली. मुनिरक्यात बाबा गंगनाथांचं देऊळ आहे. ते कानिफनाथांच्याच गोतावळ्यातले असणार हे आजीने दिल्लीत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. आता सुरीसुद्धा नाथपंथी निघाली. तेव्हापासून सई नाइफमधला के कधी विसरली नाही. माझ्या मते ही गुरुकृपा. बायकोच्या मते आजीकृपा.

पण शाळेला कनिफे चालेना. शाळेत फोनिक्स आहे. म्हणजे अक्षराचं नाव घ्यायचं नाही, आवाज काढायचा. एस म्हणायचं नाही, सापासारखं 'स्स्स' करायचं. एस, ए, टी, आय, पी, एन एवढ्या सहा आवाजांवर पहिला संसार मांडायचा, मग पुढे वाढवत न्यायचं. कल्पना चांगली आहे. मूल नवा शब्द फोडून वाचायला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अडचण हिशेबाची आहे. इंग्रजीत आवाज साधारण चव्वेचाळीस आणि अक्षरं सव्वीस. मुनिरक्यातल्या खोल्यांसारखं. एकेका अक्षराकडे दोन-दोन, तीन-तीन भाडेकरू, आणि दार वाजवल्यावर कोण उघडेल याचा नेम नाही.

शिवाय फोनिक्सने लिहायचं म्हणजे आधी शब्द नीट ऐकू आला पाहिजे. आमच्या जिन्यात तो कोणाकडून ऐकणार? घरी डिक्टेशनचा सराव म्हणून सईने वही घेऊन चारही मजले पालथे घातले. तळमजल्यावर चौधरीसाहेबांनी 'सकूल' सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या बिहारच्या भय्यांनी 'इस्कूल' सांगितलं, तर हिने सुरुवातीला इमानदारीत आय घातला. आम्हाला हसायचा काही अधिकार नव्हता, कारण आजीने सांगितलेला शब्द होता 'टेंपरवारी'. सईने तो आवाजाप्रमाणे अचूक लिहिला. जगातल्या कुठल्याही फोनिक्सवाल्याने तिला पैकीच्या पैकी दिले असते.

शेवटी रविवारी संध्याकाळी आम्ही जेएनयूदादाला गाठलं. हा नांदेडचा मुलगा, भाषाशास्त्रात पीएचडी करतो, तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पोह्यांच्या वासाने वर येतो. त्याने दोन बशा संपवल्या आणि म्हणाला, "काका, तुमची पाचवी बरोबर होती."

"म्हणजे?"

"नाइफमधला के इंग्रज खरंच म्हणायचे. नाइटमधला के आणि जीएचसुद्धा म्हणायचे. वेनस्डे हा वोडन देवाचा वार, त्यातला डीही वाजायचा. हळूहळू जीभ आळसावली, अक्षरं राहिली. तुमचा वर्ग चुकला नाही. फक्त तीन-चारशे वर्षं उशिरा पोचला."

मला भरून आलं. आमचे इंग्रजीचे गुरुजी आज हयात असते तर त्यांना मी ट्रंक कॉल केला असता.

मग त्याने सांगितलेली हकिगत मी अजून लोकांना सांगत सुटतो. १४७६ च्या सुमाराला विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना काढला. तो छपाई परमुलखात शिकून आला होता आणि त्याच्याकडचे कामगारही समुद्रापलीकडचे. त्यांनी भुताच्या 'घोस्ट'मध्ये आपल्या फ्लेमिश सवयीने एच घातला, आणि भूत गेलं तरी एच राहिला. नेमक्या त्याच शतकांत इंग्रजांचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. म्हणजे घर बांधून झालं, पत्ता छापून झाला आणि मग भाडेकरूंनी आपापसात खोल्या बदलल्या. पत्ता जुनाच राहिला. त्यात पंडितांची भर. कर्जाच्या 'डेट' शब्दात मुळात बी नव्हता. फ्रेंचांकडून तो साधा 'डेत्त' म्हणून आला. पण विद्वानांना वाटलं, लॅटिन 'डेबितुम'शी नातं दिसलं पाहिजे, म्हणून मध्ये बी बसवला. कर्ज काढून श्राद्ध घालावं तसं हे. आणि बेटाच्या 'आयलंड'मध्ये तर एस निव्वळ गैरसमजाने आला. तो अस्सल इंग्रजी शब्द, पण लोकांनी त्याला लॅटिन घराण्यातल्या 'आइल'चा चुलतभाऊ समजून त्याचा एस याच्या गळ्यात बांधला.

"म्हणजे सातबारावर नाव चुकीचं चढलं," मी म्हणालो.

"आणि पाचशे वर्षांत कोणी दुरुस्तीचा अर्ज केला नाही," दादा म्हणाला.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. सईला मी म्हणालो, "हे मुकं अक्षर म्हणजे आडनाव आहे. तुझ्या वर्गातली ती कुलकर्णी आहे ना? तिच्या घरात आता कोणी गावाचं दप्तर लिहीत नाही. बाबा सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पण आडनाव आहे. कुठून आले ते सांगतं, काय करतात ते सांगत नाही. तसाच नाइफमधला के."

सईने विचार केला. "मग दिल्लीच्या स्पेलिंगमधला एच?"

डी-ई-एल-एच-आय. खरंच, मध्ये एच. त्याचं तिथे काय काम? मी दादाकडे पाहिलं, दादाने बशीकडे पाहिलं. बायको म्हणाली, "काही काम नसताना दिल्लीत राहणारा तो काही एकटा नाही." मी रामकृष्णपुरमच्या एका सरकारी ब्लॉकमध्ये नोकरी करतो, हे लक्षात घेऊन विषय तिथेच थांबवण्यात आला.

"पण मग काढून का टाकत नाहीत नको ती अक्षरं?" सईचा पुढचा प्रश्न. न्याय्य होता. प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेबस्टरने झाडू घेतला. १८२८ च्या त्याच्या मोठ्या कोशामुळे 'कलर'मधला यू अमेरिकेतून कायमचा गेला. पण जिभेचं 'टंग' टी-यू-एन-जी असं लिहा म्हणाला, तर लोकांनी त्याला जीभ काढून दाखवली. बर्नार्ड शॉने तर नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. १९५० मध्ये तो गेला, स्पर्धा झाली, लिपी तयार झाली, आणि १९६२ मध्ये त्याचंच एक नाटक त्या लिपीत छापलंही गेलं. त्यानंतर त्या लिपीत वाण्याची यादीसुद्धा कोणी लिहिली नाही.

गंमत अशी की त्याच १९६२ साली आपण मात्र हे करून दाखवलं. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले, एकूण अठरा. आपल्याकडेही मुकी अक्षरं होतीच. ती टिंबाच्या रूपात राहत. 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'केलें', 'झालें'. टिंब लिहायचं, म्हणायचं नाही. एका नियमाने ती हजारो टिंबं पुसली गेली. इंग्रजीला महामंडळ नाही, म्हणून त्यांचा बी पाचशे वर्षं बसून आहे.

मी हे विजयी मुद्रेने सांगत होतो, तेवढ्यात आजीने आपली पोथीची वही आणली. पहिल्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'नांव'. टिंबासकट. ती १९५७ साली पहिलीत होती. तेव्हा टिंब नाही दिलं तर छडी होती.

"माझ्या नांवावरचं टिंब मला विचारून काढलं का?" ती म्हणाली. "छडी खाऊन मिळवलेलं आहे."

तेव्हा मला कळलं की स्पेलिंग का बदलत नाही. ज्यांनी ते छडी खाऊन पाठ केलेलं असतं, त्यांच्याच हातात पुढे छडी येते.

माझी छाती आत जायला सुरुवात इथून झाली. उरलेलं काम हिंदीने केलं. सईला शाळेत हिंदी, घरी मराठी. घरी मी 'कवी' शिकवला, दुसरी वेलांटी. शाळेत हिंदीच्या मॅडमनी लाल शाईने पहिली केली, 'कवि'. घरी 'शक्ती', शाळेत 'शक्ति'. घरी 'पशू', शाळेत 'पशु'. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, हिंदीत संस्कृतातला जसाच्या तसा. दोन्ही नियम पक्के, दोन्ही देवनागरी, आणि मधोमध एक तिसरीतली मुलगी. एकाच शब्दावर दोन भाषांचा लाल पेन चालतो, तेव्हा "जसं बोलतो तसं लिहितो" हे वाक्य घशात अडकतं. मुनिरकाच घ्या. त्यातली 'नि' पहिली की दुसरी, यावर गल्लीतल्या दुकानांच्या पाट्यांचं आजही एकमत नाही.

त्यात आजीच्या पाटीवाचनाने भर घातली. संध्याकाळी सईला घेऊन ती भाजीला जाते आणि वाटेतल्या हिंदी पाट्या मराठी जिभेने मोठ्याने वाचते. हिंदीवाले 'ॲ' लिहायला ऐकार वापरतात. आपण ॲ आणि ऑ रीतसर वर्णमालेत घेतले, २००९ मध्ये त्यांना सरकारी शिक्काही मिळाला. आजीला त्यामुळे हिंदीतला ऐकार म्हणजे बैलातला ऐकार. ती वाचते, "मइगी." "सइलून." "बइंक." "ओन्ली फॉर बइचलर." सई हसून भर रस्त्यात खाली बसते. देवनागरी तीच, अक्षर तेच, वाचणारी जीभ बदलली की मॅगीची मइगी होते.

आणि शेवटचा घाव सईने घातला. मराठीच्या पुस्तकात तिला एक वाक्य सापडलं, त्यात होतं 'या जगात जगायचं'. "बाबा, यातला पहिला ज आणि दुसरा ज वेगळा का म्हणतोस? खूण कुठे आहे?"

खूण नाही. 'जरा थांब'मधला ज वेगळा, म्हातारपणाच्या 'जरा'मधला वेगळा. 'चिमणी'चा च वेगळा, 'चमचा'चा वेगळा. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर कळतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते लिहिलेलं आहे. मी सईला म्हणालो, "ते आपोआप कळतं." हेच उत्तर मला पाचवीत इंग्रजीच्या गुरुजींनी दिलं होतं.

त्या दिवशी मी व्याख्यानं बंद केली आणि शिकवायला सुरुवात केली. काय उपयोगी पडलं, ते इतर पीडित पालकांसाठी सांगतो.

पहिली गोष्ट, अवघड शब्दात ओळखीचं काहीतरी शोधायचं. 'सेपरेट' लिहिताना मुलं मध्ये ई घालतात. त्याच्या पोटात ए-आर-ए-टी आहे, 'अ रॅट', म्हणजे एक उंदीर. आमच्या स्वयंपाकघरातही आहे, त्यामुळे सईला तो लगेच पटला. 'हिअर'च्या, म्हणजे ऐकण्याच्या, पोटात कान आहे. 'बिलीव्ह'च्या पोटात लाय आहे, म्हणजे विश्वासाच्या पोटातच खोटं. हे ऐकून बायकोने माझ्याकडे का पाहिलं, ते मला कळलं नाही. जेएनयूदादाने तर थेट 'असॅसिनेशन' शिकवलं. "गाढव, गाढव, मी, देश. एका गाढवापुढे दुसरं गाढव, मग मी, मग माझा देश." बेर सरायच्या पुस्तकांच्या दुकानांभोवती स्पर्धा परीक्षेची पोरं असंच पाठ करतात म्हणे. आजीला यात काही नवल वाटलं नाही. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तो तिने लहानपणापासून पाहिला आहे. तिसरीतल्या मुलीला खून या विषयावर एवढा मोठा शब्द कशाला, हे मात्र तिने विचारलं, आणि तिचं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट, जिथे ओळखीचं काही नाही तिथे आपलं वाक्य बनवायचं. 'बिकॉज'साठी शाळेने हत्तींचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य दिलं होतं. ते पाठ करायला स्वतंत्र स्पेलिंग लागे. सईने स्वतःचं बनवलं, एका शब्दाला एक अक्षर. "बाबा एकटेच चिडले, आजी उठली, सगळे एकवटले." बी-ई-सी-ए-यू-एस-ई. ते कोणत्या प्रसंगावरून सुचलं, हा तपशील इथे महत्त्वाचा नाही.

तिसरी गोष्ट, डोळ्याला आणि हाताला कामाला लावायचं. शब्द पाहायचा, म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, मग उघडून पडताळायचा. कान इंग्रजीत फार दगा देतो, डोळा तितका देत नाही. आजीने यात परातीत कणीक पसरून बोटाने गिरवायची भर घातली. तिचा धुळाक्षरांचा संस्कार. महिनाभर आम्ही ज्या पोळ्या खाल्ल्या, त्यांत 'थ्रू', 'थॉट' आणि 'इनफ' या तिघांचेही जीएच होते.

चौथी आणि सर्वांत यशस्वी गोष्ट म्हणजे मुनिरका. एवढं मोठं सचित्र, चुकांनी गच्च भरलेलं पुस्तक दाराबाहेर उघडं पडलेलं असताना मी वर्कशीटं छापत बसलो होतो. नियम केला, बसथांब्यापर्यंत जाताना जी चूक पकडशील तिला एक चिक्की. चाऊमीनची चार दुकानं आणि पाच स्पेलिंगं निघाली, कारण एका गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी होती. 'एग रोल'मध्ये नाटकातला रोल होता. पंधरा दिवसांत चिक्कीचा खर्च ट्यूशनच्या फीवर गेला. एके सकाळी चौधरीसाहेबांच्या पाटीवर खडूने एक बारीकसा एम घुसवलेला दिसला. मी घाबरत त्यांच्याकडे गेलो. ते पाटीखाली उभे राहून निरखत होते.

"बिटिया ने किया?" त्यांनी विचारलं. मग मान डोलावून म्हणाले, "अच्छा किया. पर इस नए एम का किराया कौन देगा?"

गेल्या शुक्रवारी डिक्टेशनची परीक्षा झाली. दहा शब्द. सई घरी आली ती शांतपणे, दोन्ही बूट काढून. ही लक्षणं चांगली नव्हती. बायकोने पाणी दिलं. मी 'मार्कांना महत्त्व नसतं' हे वाक्य जुळवत बसलो.

"दहापैकी नऊ," ती म्हणाली. "आयलंडमधला एस राहिला."

"तो नाहीतरी चुकूनच आला होता," मी म्हणालो. "मग तोंड का असं?"

वह्या वाटताना नव्या मॅडमनी नाव पुकारलं होतं, "सेई केल." वर्ग हसला. सई उठली नाही. मॅडमनी पुन्हा पुकारलं. तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मैम, इसमें ई साइलेंट नहीं है. हमारे यहाँ ई बोलता है." मग सगळ्या वर्गाकडून तिने 'काळे' तीनदा म्हणवून घेतलं. 'ळ' त्या कुलकर्णीशिवाय कोणालाच जमला नाही, तो आणखी एक वर्ष मागेल. पण एकार परत आला.

मी काही बोललो नाही. मला वाटत होतं, चार पिढ्यांनी मिळून हे आडनाव नीट टिकवलं, आणि मी ऑफिसात अकरा वर्षं 'मिस्टर केल' या हाकेला ओ देत आलो आहे.

आजीने कणकेची परात बाजूला सारली, सईला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर पिठाचाच हात ठेवला.

"बरं केलंस," ती म्हणाली.

सईने मान वर केली. "केल नाही, आजी. काळे."